दियोगो दो कौतो : दरबारी इतिहासकाराचे दुसरे पुस्तक

पोर्तुगीजांच्या सागरी मोहिमांचा इतिहास सांगणारे ‘देकादा’ ग्रंथ दोघांच्या हातचे आहेत. ते सुरू करणारा जुआंव दि बारोश भारतात कधीच आला नाही. ते पुढे चालवणारा दियोगो दो कौतो मात्र 1559 मध्ये सैनिक म्हणून आला आणि मधली एक लिस्बनवारी सोडली, तर 1616 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. 1595 मध्ये गोव्यात दफ्तरखाना उभा राहिला, तो त्याच्याच हाताखाली.

इथे राहिल्याचा फायदा कुठे दिसतो? सातव्या देकादातले घारापुरीचे वर्णन वाचा. लेण्यातला एक शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, पण तो कोणालाच वाचता आला नाही, असे कौतो नोंदवतो. ती शिळा पुढे हरवली. त्या लेखाची आठवण आज उरली आहे ती मुख्यतः या नोंदीमुळे.

पण राजाचा पगारी इतिहासकार किती मोकळेपणाने लिहिणार? देकादांत लढाया आणि कप्तानांची नावे इतकी येतात, की (खरे सांगायचे तर) कंटाळा येतो. त्याचे दुसरे पुस्तक, ‘सोल्दादो प्रातिको’, वेगळेच आहे. त्यात एक अनुभवी सैनिक संवादातून गोव्यातल्या अधिकाऱ्यांची लाचखोरी आणि सैनिकांच्या पगाराची लूट उघडी करतो. ते छापले गेले 1790 मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर 174 वर्षांनी. माझ्या मते कौतोचे खरे मोल या पुस्तकात आहे. देकादातला एखादा विजय वाचलात, की त्या सैनिकाला पगार मिळाला होता का, हे इथे शोधा.