बलिदानाचे मिथक आणि चौदा वर्षांची परिचारिका

युद्धात उतरलेल्या किशोरवयीन मुलीचे चित्रण करताना साहित्य बहुधा दोन वाटांपैकी एक वाट निवडते. एक तर ती राष्ट्राच्या बलिदानाचे प्रतीक होते, नाही तर लढणाऱ्या नायकाची प्रेयसी. दोन्ही वाटांनी तिची स्वतःची जाणीव संहितेबाहेरच राहते. या प्रश्नाचा विचार येथे आन्ना श्विर्श्चिन्स्का (१९०९-१९८४) या पोलिश कवयित्रीच्या एका छोट्या कवितेच्या आधारे करावयाचा आहे. 'मी बॅरिकेड बांधत होते' (१९७४) या संग्रहातील या कवितेचे शीर्षक 'चौदा वर्षांची परिचारिका झोपी जाता जाता विचार करते' अशा अर्थाचे आहे.

कवितेमागील इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १ ऑगस्ट १९४४ रोजी 'आर्मिया क्रायोवा' या भूमिगत सेनेने वॉर्सात जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला आणि २ ऑक्टोबरला शरणागतीच्या कराराने संपला. या काळात दीड ते दोन लाख नागरिक मारले गेले, असा अंदाज आहे. शाळकरी वयाच्या मुली या उठावात निरोप पोचवीत होत्या, चालू गोळीबारातून जखमींना स्ट्रेचरवर उचलून आणीत होत्या. शरणागतीच्या करारान्वये सेनेतील स्त्रियांनाही युद्धकैद्यांचा दर्जा मिळाला. ओबरलांगेनच्या छावणीत अशा सुमारे १७०० स्त्रिया होत्या आणि त्यांत अल्पवयीन मुलीही होत्या. १२ एप्रिल १९४५ रोजी पोलिश चिलखती दलाने ही छावणी मुक्त केली. म्हणजे शत्रूनेदेखील या मुलींना कागदोपत्री सैनिक मानले होते. साहित्याने मात्र हा दर्जा त्यांना सहजासहजी दिला नाही. प्रतिकारातील तरुणांवरचे आलेक्सांदेर कामिन्स्कीचे जे पुस्तक १९४३ मध्ये भूमिगत रीतीने छापले गेले आणि पुढे पोलिश पिढ्यांनी शाळेत वाचले, त्याचे नायक तीन मुलगे आहेत.

लढणाऱ्या मुलीची पोलिश प्रतिमा त्याहून जुनी आहे. एमिलिया प्लाटेर ही तरुणी केस कापून, पुरुषी वेष करून १८३०-३१ च्या उठावात उतरली आणि डिसेंबर १८३१ मध्ये आजारपणात वारली. आदाम मित्सक्येविचने तिच्यावर 'कर्नलचा मृत्यू' ही कविता लिहिली. कवितेत सारे जण एका शूर सेनानीच्या मृत्यूचा शोक करतात. तो सेनानी स्त्री होता, हे अखेरीस उघड होते. या रचनेचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. स्त्री म्हणून ती दिसते ती मृत्यूनंतरच. जिवंत असेपर्यंत ती कर्नल असते. प्रत्यक्षात ती कॅप्टन होती. कवीने तिला बढतीही दिली आणि मूकही केले. याच मित्सक्येविचच्या 'ज्यादी' या नाट्यकाव्याच्या तिसऱ्या भागात (१८३२) तुरुंगातील कवी कॉनराड साऱ्या राष्ट्राचे दुःख आपल्यात सामावून घेऊन देवालाच आव्हान देतो. एकाने सर्वांसाठी सोसावे, हे मिथक पोलिश स्वच्छंदतावादाने असे घडविले आणि १९४४ ची पिढी त्यावरच वाढली.

श्विर्श्चिन्स्काची परिचारिका प्रथमदर्शनी याच मिथकात शिरते. जगातल्या सगळ्या गोळ्या आपल्यालाच लागाव्यात, म्हणजे इतर कोणाला लागायला त्या उरणारच नाहीत, असे तिला वाटते. परंतु हे तर्कशास्त्र मसीहाचे नाही, लहान मुलीचे आहे. गोळ्या मोजक्या आहेत, त्या संपवता येतील, असा हा बेरीज-वजाबाकीचा हिशेब आहे. कॉनराड जागा आहे आणि देवाशी वाद घालतो. ही मुलगी दिवसभराच्या श्रमाने पेंगुळली आहे आणि ती कोणाशीच बोलत नाही. शीर्षकातील 'झोपी जाता जाता' या शब्दांवर कवितेचा सारा तोल आहे.

यापुढे कविता दोन पावले टाकते आणि मिथक आतून मोडते. ज्यांच्यासाठी मरायचे, त्यांत ती जर्मनांनाही घेते. शत्रूच वगळला की हुतात्म्याच्या पायाखालची जमीन सरकते. कारण हुतात्मा नेहमी कोणाच्या तरी विरुद्ध मरतो. दुसरे पाऊल त्याहून मूलगामी आहे. आपण त्यांच्यासाठी मेलो हे कोणाला कळू नये, कारण कळले तर त्यांना वाईट वाटेल, अशी तिची इच्छा आहे. बलिदानाच्या मिथकाला साक्षीदार लागतात. प्लाटेरला शोक करणारे हवेत, कॉनराडला देव तरी हवाच. साक्षीदार नाकारणाऱ्या बलिदानाचे स्मारक उभारता येत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. स्वतःला पुसून टाकणारी ही मुलगी म्हणजे त्यागमूर्ती स्त्रीचीच नवी आवृत्ती नव्हे काय? शिवाय चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडी प्रौढ कवयित्रीने आपले तत्त्वज्ञान घातले आहे काय? श्विर्श्चिन्स्का स्वतः उठावात परिचारिका होती, पण तेव्हा ती पस्तिशीत होती. आणि हा संग्रह तीस वर्षांनंतरचा आहे. दुसरा आक्षेप तथ्यतः खरा आहे. परंतु कविता साक्ष असल्याचा दावा करीत नाही. ती निद्रेच्या काठावरचा अनुच्चारित विचार म्हणून येते. पहिल्या आक्षेपाचे उत्तर संग्रहात शोधावे लागते. त्याच्या आरंभीच्या कवितेत गोळीबाराखाली बॅरिकेड उभारणारी सामान्य माणसे आहेत आणि ती सगळीच भ्यालेली आहेत. अशा भयाच्या शेजारी वाचल्यावर मुलीची इच्छा आदर्श म्हणून उरत नाही. भीती सहन न झाल्याने बालमनाने काढलेली ती पळवाट वाटते.

येथे भाषांतराचा एक मुद्दा उपस्थित होतो. संग्रहाच्या शीर्षकात मुळात 'बुदोवावाम' हे एकच क्रियापद आहे आणि त्यातच बांधणारी स्त्री आहे, हे कळते. इंग्रजीतून वाचणाऱ्याला हे लिंग दिसत नाही. मराठीत ते राखता येते, पण आपोआप नव्हे. 'मी बॅरिकेड बांधले' असे म्हटले, की क्रियापद बॅरिकेडच्या मागे जाते आणि कर्ती नाहीशी होते. 'बांधत होते' म्हटले तरच ती उरते. मूळ क्रियापदातील अपूर्णतेचा अर्थही त्यानेच राखला जातो. प्लाटेरचे स्त्रीत्व मृत्यूनंतर उघड झाले होते. श्विर्श्चिन्स्काने ते पहिल्याच शब्दात, जिवंतपणी आणि काम अपुरे असताना उघड केले आहे. इंग्रजीवरून मराठीत येणाऱ्या अनुवादकाच्या हातून नेमके हेच निसटण्याचा धोका आहे.

एक मर्यादा तरीही नोंदविली पाहिजे. या कवितेतील मुलगी जखमा बांधते, मारीत नाही. जिच्या हाती शस्त्र होते आणि जिने ते वापरले, तिच्या झोपेपूर्वीच्या विचाराला ही कविता स्पर्श करीत नाही. निष्पाप मुलीला आवाज देणे तुलनेने सोपे असते. ज्या मुलीने मारले, तिचाही विचार इतक्याच साध्या शब्दांत, तिला प्रतीक न करता, मांडता येईल का, हा प्रश्न श्विर्श्चिन्स्काने सोडविलेला नाही. पण तो विचारता येईल अशी भाषा मात्र तिने सिद्ध केली आहे.