सम्मासती आणि सागरी विश्रामधामे

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील विश्रामधामांत योगासने व 'सजग जीवना'ची शिबिरे भरतात. याच किनाऱ्यालगत, दोडंदुव येथील खाजणातल्या बेटावर, ञाणतिलोक या जर्मन भिक्खूंनी १९११ साली आश्रम स्थापिला. त्यांचे शिष्य ञाणपोनिक यांच्या सतिपट्ठानविषयक ग्रंथाने पाश्चात्त्यांना सतीचा परिचय करून दिला. आश्रमात शील हा सतीचा पाया होता. शिबिरात तिचे शुल्क आहे! थकल्या देहास तेथे विसावा मिळतो, हे मान्य. मात्र त्यास धम्मसाधना म्हणता येणार नाही. सम्मासती ही सम्माआजीवासह अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. बाबासाहेबांनी माणसामाणसांतील संबंध हे धम्माचे केंद्र मानले. श्वासावर चित्त एकाग्र करणाऱ्या पाहुण्याने आपली खोली झाडणाऱ्या स्त्रीच्या वेतनाची चौकशी करावी, असे कोणता शिबिरप्रमुख शिकवतो?