'शोषण', 'अधिशोषण' आणि रंगाचे पाणी

कळवण, सटाणा, मालेगाव व देवळा या तालुक्यांच्या टापूस 'कसमादे' म्हणतात. देवळा तालुक्यातून वाहत जाणाऱ्या गिरणेस पुढे मालेगावाजवळ मोसम मिळते, आणि मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. तेव्हा कापडाच्या रंगाने दूषित झालेले पाणी अधिशोषक पटलांनी स्वच्छ करणे, हा या टापूत केवळ प्रयोगशाळेतील विषय राहत नाही. म्हणूनच त्यासंबंधीच्या मराठी लेखनाची परिभाषा तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

या लेखनात 'शोषण' व 'अधिशोषण' ही पदे अनेकदा समानार्थी योजली जातात. वस्तुतः सोडावॉटरमधील वायू द्रवाच्या सर्वांगात सामावतो, ते शोषण. कोळशाच्या पृष्ठभागास रंगाचे रेणू चिकटतात, ते अधिशोषण. दुसऱ्या क्रियेसाठी हाइनरिख कायझर याने १८८१ साली स्वतंत्र संज्ञा रूढ केली, ती याच भेदामुळे. मराठीत 'अधि' हा उपसर्ग 'वर' हा अर्थ सुचवून तेच कार्य करतो; त्यास संस्कृतचा निष्कारण भार म्हणणे योग्य नव्हे. पृष्ठभागावरील जागा मर्यादित असतात, हेच लँगम्यूरच्या १९१८ मधील समीकरणाचे अधिष्ठान. 'अधि' गळला, की पटल केव्हा भरेल, हा प्रश्नही वाचकाच्या मनात उद्भवत नाही.

'रंगाचे निर्मूलन' हा प्रयोग तर अधिक सदोष आहे. अधिशोषणाने रंग नाहीसा होत नाही; तो पाण्यातून पटलावर जातो. पटल धुतले की तोच रंग थोड्या द्रवात, परंतु अधिक तीव्रतेने, पुन्हा हाती येतो. त्याचे पुढे काय करावयाचे, हे 'निर्मूलन' हा शब्द झाकून टाकतो. येथे 'अपनयन' हे पद अधिक प्रामाणिक होय.

'रंग' या एकाच शब्दाने होणारी गफलतही लहान नाही. प्रयोगांत वारंवार वापरले जाणारे मेथिलीन ब्ल्यू धनप्रभारी आहे. सुतास चढविले जाणारे रिअॅक्टिव्ह रंग ऋणप्रभारी असतात. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान आम्ल द्रावात धनप्रभार धारण करून अशा रंगांस ओढून घेते. तथापि या रंगकामाचे पाणी अल्कधर्मी व खारट असते, आणि तेथे ही पकड सैल पडते. सबब शुद्ध पाण्यात मेथिलीन ब्ल्यूवर मिळालेले यश सरसकट 'कापडरंगां'च्या नावे मांडणे, हा शब्दाचा तसाच अनुमानाचाही दोष आहे.

प्रबंधाच्या शीर्षकातच रंगाचा वर्ग व पाण्याचा प्रकार नमूद झाला, तर नदीकाठच्या वाचकास त्या निष्कर्षाची मर्यादा आरंभीच कळेल.