ॲनिस प्रॅट : खंडित मिथकांची समीक्षा

मराठी समीक्षेत ‘आर्किटाइप’साठी ‘आदिबंध’ हा शब्द रूढ झाला आणि त्याच्यासोबत एक गृहीतकही रूढ झाले. ‘आदि’ या पदातून इतिहासापूर्वीचे, अविकारी असे काही सूचित होते. ‘बंध’ या पदातून त्याची घडण पक्की असल्याचा भास होतो. ॲनिस प्रॅट यांच्या समीक्षेकडे वळताना हा शब्द अडचणीचा ठरतो. आदिबंध आधीच सिद्ध असतो व साहित्यकृती त्याचे केवळ उदाहरण असते, ही समजूत मोडणे हेच त्यांच्या लेखनाचे मुख्य प्रयोजन आहे.

मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या प्रॅट यांचा आरंभ स्त्रीसाहित्यापासून झालेला नाही. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ डिलन टॉमस या कवीच्या सुरुवातीच्या गद्यातील मिथकनिर्मितीविषयी होता. लगेच पुढच्या वर्षी, 1971 मध्ये, ‘कॉलेज इंग्लिश’ या नियतकालिकात त्यांनी नव्या स्त्रीवादी समीक्षेची कार्ये मांडली. विस्मृत लेखिकांचा शोध, संहितेच्या रूपाचे परीक्षण, सामाजिक संदर्भांचे आकलन आणि स्त्रीच्या मानसिक-मिथकीय विकासाचे वर्णन ही कार्ये त्यांनी एकत्र नांदवू पाहिली. लिलियन रॉबिन्सन यांनी त्याच नियतकालिकात या समन्वयाला हरकत घेतली. वर्ग आणि सत्तासंबंध यांचा प्रश्न रूपनिष्ठ व आदिबंधात्मक समीक्षेशेजारी नुसता मांडून सुटत नाही, हा या हरकतीचा गाभा होता. प्रॅट यांच्या पुढील लेखनाला हा प्रश्न अखेरपर्यंत चिकटून राहिला आहे.

1981 चा ‘आर्किटायपल पॅटर्न्स इन विमेन्स फिक्शन’ हा ग्रंथ त्यांची खरी कामगिरी होय. युंग आणि नॉर्थ्रॉप फ्राय यांचे आराखडे कादंबऱ्यांवर लादण्याऐवजी शेकडो कादंबऱ्या वाचून, त्यांत पुन्हापुन्हा येणारे आकृतिबंध निगमनाने नव्हे तर विगमनाने शोधायचे, ही त्यांची रीत. अशा वाचनातून हाती आलेली सर्वांत लक्षणीय कल्पना ‘हरितविश्वा’ची आहे. नायिकेला किशोरवयात निसर्गाच्या सान्निध्यात आपल्या अखंडत्वाचा प्रत्यय येतो. पुढे विवाह व समाजमान्यता यांच्या कक्षेत शिरताना तो हिरावला जातो. येथे डॅफ्नीची कथा आठवावी. अपोलोपासून पळणारी ती वृक्ष होते, म्हणजे वाचते. पण माणूस म्हणून उरत नाही.

सेरा ऑर्न ज्युएट यांच्या 1886 मधील ‘अ व्हाइट हेरन’ या कथेवरून या कल्पनेचे मोल ध्यानात येते. नऊ वर्षांची सिल्व्हिया पहाटे उंच पाइन वृक्षावर चढून शुभ्र बगळ्याचे घरटे पाहते. पक्ष्यांची शिकार करून त्यांचे नमुने जमवणाऱ्या तरुणाने देऊ केलेले दहा डॉलर आणि त्याची मर्जी दोन्ही गमावते, पण ठिकाण सांगत नाही. जॉइसच्या ‘पोर्ट्रेट’मध्ये स्टीफनला समुद्रकिनाऱ्यावरची मुलगी पक्ष्यासारखी दिसते आणि तिच्या दर्शनातून त्याला कलावंत म्हणून आपली वाट सापडते. तेथे स्त्री व पक्षी एकरूप होऊन पुरुषाच्या उत्कर्षाचे साधन बनतात. येथे पाहणारी स्वतः स्त्री आहे आणि पाहिलेले ती कोणाच्या हवाली करत नाही. मिथकाचा कर्ता बदलला की त्याचा अर्थ किती उलटतो, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दाखवता येईल.

मात्र या मांडणीत एक तडा आहे. डिमिटर व पर्सिफोनी, इश्तार व तम्मूझ यांच्या कथांना प्रॅट पितृसत्तेने दडपलेल्या स्त्रीशक्तीचे अवशेष मानतात. कादंबरीतील खंडित आकृतिबंध हा मूळच्या अखंड आकृतिबंधाचा तुकडा असे मानले, की विगमनाची रीत गुपचूप मागे सुटते आणि ‘आदि’ मागच्या दाराने परत येतो. मातृदेवतेच्या व्यापक, शांततामय युगाविषयी पुरातत्त्वज्ञांत तीव्र मतभेद आहेत, हेही विसरता येत नाही. वस्तुतः त्यांच्या वाचनाला या गृहीतकाची गरजच नव्हती. खंडितता स्वतःच पुरेशी बोलकी आहे. मार्गरेट ॲटवुड यांच्या ‘सरफेसिंग’ची (1972) निनावी नायिका बेटावरच्या अनुभवातून परतण्याच्या उंबरठ्यावर उभी राहते, आणि कादंबरी तिथेच थांबते. ते थांबणे कोणत्या प्राचीन विधीचा अवशेष आहे यापेक्षा ती ज्या जगात परतणार ते जग तसेच आहे, हे अधिक महत्त्वाचे. रॉबिन्सन यांचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो.

1994 मधील ‘डान्सिंग विथ गॉडेसेस’मध्ये प्रॅट काव्याकडे वळल्या आणि मेड्युसा, ॲफ्रोडाइटी, आर्टेमिस यांच्यासह अस्वलाच्या प्रतिमेचाही त्यांनी विचार केला. स्त्रियांच्या कवितांसोबत पुरुषांच्या कविताही येथे आल्याने विधानांना आवश्यक ती तुलना लाभली. ग्रंथात उत्साह अधिक, शिस्त कमी. तरीही मेड्युसाचा विषय फलदायी आहे. लुईझ बोगन यांच्या ‘मेड्युसा’त त्या मुखाच्या दर्शनाने सारे दृश्य कायमचे गोठते, पाहणारीही. मे सार्टन यांच्या ‘द म्यूज ॲज मेड्युसा’मध्ये कवयित्री त्याच मुखाला सामोरी जाते, दगड होत नाही आणि त्यात तिला आपलाच चेहरा दिसतो. दोघी एकाच भाषेत, एकाच शतकात लिहिणाऱ्या. आदिबंध एक असताना एक गोठते व दुसरी का गोठत नाही, याचे उत्तर देवतेच्या चरित्रात नाही. ते या दोन कवितांच्या मधल्या दशकांत शोधावे लागते.