अवशेषांचे वाचन

टी. ई. लॉरेन्सचे नाव अरब बंडाशी इतके निगडित झाले आहे, की त्याचे विद्यार्थिदशेतील लेखन सहसा मागे पडते. १९०९ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या या विद्यार्थ्याने सीरिया व पॅलेस्टाइनमधून सुमारे हजार मैलांची पायपीट केली. धर्मयोद्ध्यांचे किल्ले हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. १९१० मध्ये सादर झालेला हा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १९३६ मध्ये, ग्रंथरूपाने निघाला. पश्चिमेने दुर्गरचना पूर्वेकडून उचलली, हे रूढ मत त्याने तट-बुरूज स्वतः पाहून नाकारले. पुढील संशोधनाने त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारला नाही. परंतु त्यामागील शिस्त अभ्यसनीय आहे.

त्याच प्रवासातील घरच्या पत्रांत ही शिस्त सैल होते. गॅलिलीची अवकळा पाहून तो लिहितो, की ख्रिस्ताच्या काळी हा प्रदेश असा नव्हता. रोमन रस्ते व वास्तू त्याची साक्ष देतात, आणि ख्रिस्ताला स्तंभयुक्त दालनात बसविणारे प्रबोधनकालीन चित्रकारच खरे ठरतात. या विचाराने त्याला दिलासा मिळतो. येथे दगड श्रद्धेच्या सेवेस लागतात आणि जीर्ण तंबूंतून हाका मारणारी माणसे त्या पवित्र चित्रातून वगळली जातात.

तरीही पत्राचे मोल उणे नाही. प्रबंध लेखकाची इच्छा पुराव्याआड ठेवतो. पत्र ती उघड करते. तीर्थभूमीच्या प्रवासवर्णनाची परीक्षा करताना पाहणाऱ्याला काय पाहावयाचे होते, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारावा लागतो.