बटण दाबून तर पाहा

सेइकोचं मशीन, चीनमधून आलेली केस आणि चेहरा थेट रोलेक्स डेटोनाचा. या जोडकामाला हौशी मंडळी ‘सेइटोना’ म्हणतात. विकणारे त्यालाच ‘कस्टम लक्झरी क्रोनोग्राफ’ म्हणतात. नोव्हेंबर 2020 मध्ये भारतात अलीएक्स्प्रेसवर बंदी आली, तरी सुट्या भागांचा ओघ आटला नाही. डायल, काटे, काच, केस ठाण्याजवळच्या दिव्यातल्या चाळीतल्या खोलीतही कुरियरने येऊन पडतात. हौस वाढली याचा आनंदच आहे. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची: या घड्याळांच्या चर्चेत क्रोनोग्राफ, म्हणजे बटण दाबून वेळ मोजण्याची सोय, सोडून बाकी सगळं असतं.

बऱ्याच सेइटोनांच्या पोटात व्हीके63 हे मशीन असतं. वेळ सेलवर चालते, मोजणीचा काटा शून्यावर नेणारी यंत्रणा मात्र यांत्रिक, त्यामुळे काटा एका झटक्यात जागेवर येतो. स्वस्तातलं चांगलं मशीन आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण खऱ्या डेटोनात तीनच्या जागी मिनिटं मोजणारी तबकडी असते. सेइटोनात त्याच जागी चोवीस तासांचा काटा फिरतो आणि मालकाला आत्ता दिवस आहे की रात्र तेवढं सांगतो! क्रोनोग्राफच नसलेल्या एनएच35 या मशीनवर नुसत्या रंगवलेल्या उपतबकड्या लावणाऱ्यांबद्दल तर काही न लिहिलेलंच बरं.

बाहेरून भाग आणून घड्याळ बांधण्यात कमीपणा काहीच नाही. अभिनेता पॉल न्यूमनचं डेटोना ऑक्टोबर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरना गेलं, आणि त्यातलं मूळ मशीन व्हालजू या दुसऱ्या कंपनीचं होतं. 1988 ते 2000 या काळातल्या डेटोनात झेनिथ कंपनीचं एल प्रिमेरो हे मशीन सुधारून बसवलेलं असे. रोलेक्सने स्वतःचं क्रोनोग्राफ मशीन आणलं ते 2000 मध्ये. म्हणजे उसनवारीची परंपरा खानदानी आहे. प्रश्न उसन्या मशीनवर तुम्ही काय काम केलंत, एवढाच.

ते काम बघायचं तर तिआनजिनच्या सीगल एसटी19 कडे वळावं. व्हीनस या स्विस कंपनीच्या 175 या मशीनची यंत्रसामग्री चीनने 1961च्या सुमारास विकत घेतली आणि हवाई दलासाठी क्रोनोग्राफ बनवले. आजचं एसटी19 त्याच घराण्यातलं: हाताने चावी द्यायची, तासाला 21,600 ठोके, आणि सुरू-बंद-शून्याचे हुकूम सोडायला कॉलम व्हील हे खांबांचं चाक. स्वित्झर्लंडमध्ये ही चैन बहुतेक महागड्या घड्याळांतच दिसते. व्हालजू 7750 सारखं कणखर मशीनही त्याऐवजी साध्या कॅमवर चालतं.

एसटी19 पाकिटातून काढून केसमध्ये बसवलं की झालं, असं नाही. बटण दाबल्यावर एक दातेरी चाक सरकून दुसऱ्याला भिडतं. ते जास्त खोल रुतलं तर बॅलन्सचा झोका खाली येतो आणि घड्याळ वेळ सोडतं. वरवर टेकलं तर काटा सुरू होताना उडी मारतो. ही खोली एका विकेंद्री स्क्रूने, भिंगाखाली, केसाच्या जाडीइतकं फिरवत जुळवावी लागते. मग लांब सेकंदकाटा असा ठोकायचा की शंभर वेळा शून्यावर आणला तरी बाराच्या रेघेवरच थांबला पाहिजे. डायलचा रंग कुणीही निवडेल. खरा कारागीर इथे कळतो.

कारागिरांचं म्हणाल तर, मुंबईच्या चोरबाजारातल्या डायल रंगवलेल्या सेइको 5 आणि एचएमटींना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात. रंगरंगोटीचं समर्थन करायचं कारण नाही. पण त्याच पेशातल्या लोकांनी, कंपनीचे भाग मिळेनासे झाल्यावर, दोन मेलेल्या मशीनमधून एक जिवंत केलं. नाक मुरडण्याजोगं पाप असेल तर ते लपवाछपवीचं, आणि त्यात सेइटोनावाले चोरबाजाराच्या पुढे आहेत. डायलवर रोलेक्सचा मुकुट छापून विकणं हा 1999च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 103 आणि 104 खाली गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं. ‘होमाज’ (मानवंदना) म्हटल्याने तो माफ होत नाही. उलट लंडनच्या जॉर्ज बॅमफर्डने आधी परवानगीविना रोलेक्स रंगवली, पण 2017 मध्ये टॅग ह्युअर आणि झेनिथशी रीतसर करार करून त्यांची घड्याळं सजवायला घेतली. तो रस्ता लांबचा असेल, पण आहे.

तेव्हा विकणाऱ्यांनी मशीन कुठलं, केस कुठली, डायल कुणी छापलं हे कागदावर लिहून द्यावं, आणि मागच्या झाकणावर कंपनीऐवजी जुळवणाऱ्याचं नाव कोरावं. ठाण्या-कल्याणच्या दुकानांत आयुष्यभर भिंग लावून बसलेल्यांची नावं कुठल्याच घड्याळावर नाहीत. निदान नव्यांची तरी यावीत. आणि घेणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी झाकण उघडायला लावावं. मग दिव्याला लोकलमध्ये चढताना बटण दाबावं, मुंब्रा-कळवा करत ठाण्याला उतरताना पुन्हा दाबावं. काटा शून्यावर नीट आला नाही, तर घड्याळ परत करा.