वाइतांगीचा तह : कोणता मजकूर खरा?

समीक्षेच्या व्याख्यानात आज कादंबरी नाही, कवितासंग्रह नाही. आज एक तह वाचायचा आहे. छोटी प्रस्तावना, तीन कलमं आणि शेवटी सह्या. मोठ्या अक्षरात छापला तरी दोन-तीन पानांच्या पुढे जाणार नाही. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर वाइतांगी म्हणून जागा आहे. तिथं ६ फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटनच्या राणीच्या वतीनं कॅप्टन विल्यम हॉब्सन आणि माओरी नायक यांच्यात तो झाला.

जगभर मूळ रहिवाशांच्या हक्कांची गोष्ट निघते, तेव्हा तक्रार बहुधा अशी असते की आमच्याशी कुणी करार केलाच नाही, किंवा केला आणि मोडला. ऑस्ट्रेलियात ब्रिटिशांनी असा तह केलाच नव्हता. इथं तह आहे, सह्या आहेत, कागद सरकारनं जपून ठेवला आहे. तरी भांडण मिटलेलं नाही, आणि ते बरंचसं शब्दांच्या अर्थाचं आहे. म्हणून हे काम एकट्या वकिलांवर सोडून चालत नाही, आपल्यासारख्या वाचणाऱ्यांनाही त्यात काही म्हणता येतं.

आधी प्रसंग थोडक्यात. हॉब्सन जानेवारीच्या अखेरीस बेटावर उतरला. त्यानं, त्याच्या सचिवानं आणि जेम्स बझ्बी या ब्रिटिश रेसिडेंटनं मिळून इंग्रजी मसुदा केला. ४ फेब्रुवारीला दुपारनंतर तो हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हातात आला. विल्यम्स आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी रात्रीत त्याचा माओरी मजकूर केला. दुसऱ्या दिवशी तो वाचून दाखवला आणि दिवसभर सभा चालली. ६ तारखेला चाळीसच्या वर नायकांनी सह्या केल्या. पुढच्या काही महिन्यांत कागद बेटभर फिरले आणि सह्या पाचशेच्या वर गेल्या. त्यांतल्या इंग्रजी मजकुरावरच्या फक्त ३९. बाकी सगळ्या माओरी मजकुरावर.

आता मजकूर. इंग्रजीचं पहिलं कलम म्हणतं, नायक आपलं सार्वभौमत्व संपूर्णपणे आणि काहीही राखून न ठेवता राणीला देतात. माओरीत त्या जागी शब्द आहे ‘कावानातांगा’. ‘कावाना’ म्हणजे गव्हर्नर, इंग्रजी शब्दाचाच माओरी उच्चार. ‘तांगा’ हा प्रत्यय आपल्या ‘की’सारखा. पाटलाची पाटिलकी, तशी गव्हर्नरची गव्हर्नरकी. मराठीत यापेक्षा जवळचा शब्द मला सुचत नाही. माओरींना गव्हर्नर माहीत होता तो दोन ठिकाणांहून. एक सिडनीचा, समुद्रापलीकडचा अधिकारी. दुसरा मिशनऱ्यांनी छापलेल्या माओरी शुभवर्तमानातला पिलात, जो स्वतः रोमच्या बादशहाचा नोकर होता. गव्हर्नरकी दिली म्हणजे हा बंदर सांभाळील, दारू पिऊन गोंधळ घालणारे गोरे खलाशी आवरील, एवढं कुणाला वाटलं असेल तर ते भाषेला धरूनच होतं.

दुसरं कलम याहून बोलकं आहे. इंग्रजीत जमिनी, वनं, मासेमारीच्या जागा आणि इतर मालमत्ता यांचा निर्वेध ताबा नायकांना आणि त्यांच्या जमातींना राहील, असं आहे. माओरीत ‘ताबा’ नाही. तिथं आहे ‘तिनो रांगातिरातांगा’. ‘रांगातिरा’ म्हणजे नायक. तर ही नाइकी, आणि ‘तिनो’ म्हणजे खरीखुरी, पुरती. कशावर? जमिनीवर, वस्त्यांवर आणि सगळ्या ‘ताओंगा’वर. ताओंगाला आपण ‘ठेवा’ म्हणू. वनं आणि मासे माओरीत नावानं येत नाहीत, ते ठेव्यात येतात. पण ठेव्यात आणखीही पुष्कळ काही येतं. त्याकडे पुढे वळू.

म्हणजे माओरी मजकूर असा झाला : गव्हर्नरकी राणीला, पुरती नाइकी आमच्याकडे. आपल्याकडे सरकार बदललं तरी वतनदार गावात राहायचा, हे आठवलं की ही कल्पना आपल्याला परकी वाटत नाही. पण उपमा इथंच थांबवावी लागते. वतन वरून मिळायचं आणि वरचा धनी ते काढूनही घ्यायचा. रांगातिरातांगा राणीनं दिलेली नव्हती. तिच्याकडे एक शब्द मागितला होता, की ती हात लावणार नाही.

यावर नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी : बिचारा मिशनरी, एक रात्र हातात, ‘सार्वभौमत्व’ला माओरीत शब्द नाही, त्यानं जमेल तसं केलं, चूक झाली. ही गोष्ट मला पटत नाही. कारण याच विल्यम्सनं सव्वाचार वर्षं आधी, २८ ऑक्टोबर १८३५ला, बझ्बीनं पुढाकार घेतलेल्या उत्तरेच्या नायकांच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा माओरी मजकूर केला होता. तिथं सार्वभौम सत्तेसाठी त्याला शब्द सापडले होते : ‘किंगितांगा’ आणि ‘माना’. माना म्हणजे अधिकार, तेज, वट हे सगळं एकत्र. आणि स्वातंत्र्यासाठी त्या जाहीरनाम्याच्या नावातच शब्द होता ‘रांगातिरातांगा’. म्हणजे १८३५मध्ये जो शब्द ‘स्वातंत्र्य’ होता, तोच १८४०च्या दुसऱ्या कलमात नायकांना राखून दिला आहे. आणि पहिल्या कलमात माना देऊन टाका असं लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर सह्या झाल्या असत्या का? तुम्हीच विचार करा.

विल्यम्सच्या मनात काय होतं ते सिद्ध करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. समीक्षकाला त्याची गरजही नाही. मजकूर काय म्हणतो आणि तो कुणी कसा ऐकला, एवढं आपल्या हातात आहे.

ऐकला हा शब्द मुद्दाम वापरला. ५ फेब्रुवारीची सभा विल्यम कोलेन्सो या मिशनच्या मुद्रकानं टिपून ठेवली. ती टिपणं पन्नास वर्षांनी, १८९०ला, प्रसिद्ध झाली. त्यात दिसतं की नायक भोळे नव्हते. ते केमारा नावाच्या नायकानं हॉब्सनला परत जा म्हणून सांगितलं, आणि बझ्बीनं आणि विल्यम्सनं आपली जमीन घेतली आहे असं त्यांच्या तोंडावर सुनावलं. आता गंमत अशी की या भाषणांचं इंग्रजी करून हॉब्सनला सांगत होता तो विल्यम्सच! पुढे तामाती वाका नेने बोलला, गोऱ्यांना घालवण्याची वेळ निघून गेली म्हणाला, आणि सभेचा कल बदलला. दुसऱ्या दिवशी सह्या सुरू होताना कोलेन्सोनं हॉब्सनला मध्येच थांबवलं. या लोकांना कलमं समजली आहेत असं आपल्याला वाटतं का, म्हणून विचारलं. हॉब्सननं ते झटकून टाकलं. पहिली सही होने हेकेची. याच हेकेनं पाच वर्षांच्या आत कोरोराराेकाचा ब्रिटिश झेंड्याचा खांब पुन्हा पुन्हा तोडला.

माओरी फसले, असं सहानुभूतीनं म्हणणारेही पुष्कळ आहेत. हेतू चांगला, पण त्यानं माओरींना बाहुलं करून टाकलं जातं. त्यांनी जो मजकूर ऐकला तो नीट ऐकला, त्यावर भांडले, आणि मग त्याला होकार दिला. फसवणूक झाली असेल तर ती पुढे झाली, दुसराच मजकूर खरा धरला गेला तेव्हा.

आणि तो लगेच धरला गेला. २१ मे १८४०ला, सह्या अजून गोळा होत असताना, हॉब्सननं सगळ्या बेटांवर सार्वभौमत्व जाहीर केलं : उत्तर बेटावर तहाच्या आधारे, आणि दक्षिण बेटावर चक्क ‘शोध लावला’ म्हणून. जमीन फक्त सरकारलाच आधी विकायची हे इंग्रजी कलम माओरीत पुसट झालं होतं. पण व्यवहारात चाललं इंग्रजीच. गिऱ्हाईक एकच असलं की भाव कोण ठरवणार! १८४८मध्ये दक्षिण बेटाचा फार मोठा पट्टा न्गाई ताहू जमातीकडून २,००० पौंडांत घेतला गेला. १८५८मध्ये वायकाटोच्या बाजूनं माओरींनी आपला राजा निवडला, पोताताउ ते व्हेरोव्हेरो. त्यानं तहावर सहीच केलेली नव्हती. चळवळीचं नाव ‘किंगितांगा’. १८३५चा शब्द बघा कसा परत आला. १८६३च्या जुलैमध्ये सरकारी फौज वायकाटोत घुसली आणि त्यानंतर तिथली सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त झाली. १८७७मध्ये वी पराटा खटल्यात मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्टनं हा तह म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं शून्य आहे, असं ठरवून टाकलं. तो खटला कशाबद्दल होता? जमातीनं शाळेसाठी बिशपला दिलेल्या जमिनीबद्दल. शाळा बांधलीच नव्हती.

पुढची शंभरेक वर्षं तो शून्यच राहिला म्हणायला हरकत नाही. १९७२मध्ये रूथ रॉस या इतिहासकार बाईंनी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून एक लेख लिहिला. माओरी मजकूर हाच तह, हे त्यांनी ठासून सांगितलं. तिथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे. पण घाईत, अजाणपणे केलेला गोंधळाचा कागद असा त्यांचा जो निष्कर्ष, तो मला कमी पडतो. गोंधळ दोन मजकुरांच्या मध्ये आहे. माओरी मजकूर एकटा वाचला तर त्यात गोंधळ नाही. अलीकडे, २०२२मध्ये, नेड फ्लेचर यांनी उलट बाजूनं मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं, त्या काळच्या ब्रिटिश कल्पनेप्रमाणं सार्वभौमत्वाखाली जमातींचं स्वतःचं राज्य चालू शकत होतं, म्हणजे दोन मजकुरांत विरोध नाहीच. पुराव्याचा डोंगर आहे, आणि लंडनच्या हेतूंबद्दल मला तो बराच पटतो. पण मग वायकाटोचं काय? हेतू लंडनच्या फायलीत राहिला आणि मजकुराचा अर्थ जमिनीवर सैन्यानं लावला.

१९७५ साली विना कूपर, वय ७९, उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत सुमारे हजार किलोमीटरच्या जमीन-मोर्चाच्या पुढे चालल्या. त्याच वर्षी वाइतांगी न्यायाधिकरणाचा कायदा झाला. सुरुवातीला त्याला फक्त नव्या तक्रारी ऐकता यायच्या. १९८५च्या दुरुस्तीनं १८४०पासूनच्या तक्रारी खुल्या झाल्या. आणि इथं तो ‘ताओंगा’ शब्द कामाला आला. भाषा हासुद्धा ठेवा आहे, तिचं रक्षण करायचं वचन तहात आहे, असा दावा गेला. १९८६च्या अहवालात न्यायाधिकरणानं तो मान्य केला, १९८७मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. इंग्रजी मजकुरावरून हा दावा करून बघा. ‘इतर मालमत्ता’त भाषा कशी बसवणार?

पण त्या १९७५च्या कायद्यात एक पळवाटही होती. दोन मजकुरांतला कोणता खरा, हे सांगायचं टाळून कायदा म्हणाला ‘तहाची तत्त्वं’. झालं! तिसरा मजकूर जन्माला आला, ज्यावर कुणाचीच सही नाही. १९८७मध्ये अपील न्यायालयानं त्यातून भागीदारी आणि सद्भाव ही तत्त्वं काढली, आणि त्यामुळे माओरींचा खूप फायदा झाला हे मान्य करायलाच हवं. त्यानंतरच्या वाटाघाटींतून १९९५मध्ये वायकाटो-ताइनुईला १७ कोटी न्यूझीलंड डॉलर मूल्याची भरपाई आणि माफी मिळाली. माफीच्या त्या कायद्यावर राणी एलिझाबेथनं स्वतः सही केली. १९९८मध्ये न्गाई ताहूला तेवढीच रक्कम. पण ज्या शब्दाला मूळ मजकुराचा आधार नाही, तो कुणीही भरून घेऊ शकतो, हा त्यातला धोका. २०१४मध्ये न्यायाधिकरणानं स्पष्ट म्हटलं की फेब्रुवारी १८४०मध्ये सह्या करणाऱ्या नायकांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं. सरकारचं उत्तर, सार्वभौमत्व आमच्याकडे आहे यात प्रश्नच नाही. म्हणजे भरपाई द्यायची, पण अर्थ कबूल करायचा नाही.

हेच वळण संयुक्त राष्ट्रांतही दिसतं. १३ सप्टेंबर २००७ला मूळ रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी संमत झाला. विरोधात चारच देश, त्यात न्यूझीलंड. २०१०मध्ये त्यांनी पाठिंबा दिला. भारतानं बाजूनं मत दिलं, पण स्वातंत्र्याच्या वेळची आपली सगळी जनताच मूळ रहिवासी आहे, अशी पुस्ती जोडून. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, पण पुस्तीचं तंत्र ओळखीचं वाटतं ना?

नोव्हेंबर २०२४मध्ये धोका प्रत्यक्ष समोर आला. अ‍ॅक्ट पक्षाच्या डेव्हिड सीमोर यांनी तहाच्या तत्त्वांची व्याख्या करणारं विधेयक आणलं. कायद्यापुढे सगळे समान, हे त्यातलं एक तत्त्व. ऐकायला किती छान! पण दुसऱ्या तत्त्वात जमातींचे वेगळे हक्क आधीच कायद्यानं झालेल्या तडजोडींपुरते आवळले होते. पुरती नाइकी तिथंच संपत होती. बावीस वर्षांच्या हाना-राव्हिती माइपी-क्लार्क यांनी संसदेत विधेयकाची प्रत फाडली आणि हाका सुरू केला. पाच दिवसांनी वेलिंग्टनला मोर्चा पोचला, पोलिसांच्या अंदाजानं चाळीस हजारांवर माणूस. समितीकडे तीन लाखांहून जास्त निवेदनं आली. १० एप्रिल २०२५ला विधेयक ११ विरुद्ध ११२ मतांनी पडलं. जूनमध्ये माइपी-क्लार्क यांना हाकाबद्दल सात दिवसांसाठी निलंबित केलं.

बातमी इथं संपली असं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना वाटलं. पण त्याच आघाडी सरकारच्या दुसऱ्या एका समझोत्यात आणखी एक काम ठरलेलं आहे : निरनिराळ्या कायद्यांत जिथं जिथं ‘तहाची तत्त्वं’ असा उल्लेख आहे, तो तपासायचा आणि त्या जागी नेमका मजकूर घालायचा किंवा तो काढून टाकायचा. नेमका म्हणजे कोणाच्या भाषेतला, हे त्यात लिहिलेलं नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.